वर विचारतो

"थोरवे, ताऱ्यांवर कव्हर टाक रं," साहेब म्हणाले.

मी गाडीचं मागचं दार धरून उभा होतो. हात दारावर, टाचा जुळलेल्या आणि डोक्यात काहीच शिरेना. असा हुकूम मला उभ्या नोकरीत कोणी दिला नव्हता.

लष्करात मोठ्या साहेबाच्या गाडीला पुढे लाल पाटी असते आणि तिच्यावर तारे असतात. हुद्दा जेवढा मोठा तेवढे तारे जास्त. साहेब आत असले की पाटी उघडी ठेवायची, साहेब उतरले की तिच्यावर लगेच कव्हर चढवायचं. कारण उघडे तारे दिसले की वाटेतला प्रत्येक शिपाई कडक सलाम ठोकणार, मग आत साहेब असोत नाहीतर साहेबांच्या घरची भाजी. कव्हर घालायला विसरलेल्या ड्रायव्हरचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं होतं, त्यामुळे या बाबतीत माझा हात झोपेतसुद्धा चुकला नसता. पण साहेब गाडीत बसताहेत आणि तारे झाका म्हणताहेत, हे सगळं उलटंच होतं.

त्यात हे साहेब ऐरेगैरे नव्हते. पाटीवर चार तारे होते. जनरल रघुवीर जसरोटिया, देशाचे लष्करप्रमुख. फौजेत त्यांच्या वर कोणीच नाही. साहेब आता हयात नाहीत, मीही गावी येऊन म्हातारा झालो, म्हणून आज सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी माणदेशातल्या माळेखिंडी नावाच्या गावात हुतात्मा स्मारकाचं अनावरण व्हायचं होतं. गाव लहान, पण घरटी एक माणूस फौजेत. लष्करप्रमुखांनी स्वतः यायचं कबूल केलं तेव्हा पुण्यात आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. एवढ्याशा गावाला एवढा मोठा माणूस कशाला, असं जो तो विचारत होता. मी पुण्याच्या ट्रान्सपोर्टमधला हवालदार. मराठी माणूस, या रस्त्यांची माहिती असलेला, म्हणून त्या दोन दिवसांसाठी चार ताऱ्यांची गाडी माझ्या हातात आली. आम्ही तालुक्याच्या विश्रामगृहात उतरलो होतो. दुपारचं ऊन कलायला लागलं तसे साहेब साध्या कपड्यांत बाहेर आले. पांढरा शर्ट, करडी पँट. त्यांच्या मागे त्यांचे एडीसी, म्हणजे कायम सोबत असणारे अधिकारी, मेजर मंदण्णा. ते कूर्गकडचे, तरणेबांड, आणि त्या क्षणी भलतेच चिंतेत.

मी कव्हर चढवलं आणि गाडी काढली. आमच्या पुढे पहाऱ्याची जीप होती. माळेखिंडीच्या फाट्यावर साहेबांनी तिलाही थांबवलं. म्हणाले, इथून पुढे आम्ही एकटे जाऊ. जीपमधल्या सुभेदाराचं तोंड उतरलं, पण लष्करप्रमुखाला नाही कोण म्हणणार?

साहेबांच्या मराठीबद्दल इथे सांगायला हवं. ते जम्मूकडचे डोगरा. पण तरुणपणी त्यांनी मराठा पलटणीत नोकरी केली होती, आणि त्या पलटणीत आलेला अधिकारी कुठलाही असो, त्याला मराठी शिकावीच लागते. तसे मराठी बोलणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले होते. ती परेडची मराठी असते, इस्त्री केलेली. साहेबांची तशी नव्हती. सकाळी पुण्यात त्यांनी मला गाव विचारलं, मी जुन्नरकडचा म्हणून हिंदीत सांगितलं, तर म्हणाले, "जुन्नरकडचा व्हय? मंग बिबट्या लई बगितला असशील." चुलीपुढे उकिडवं बसून भाकरी खाणाऱ्या माणसाची मराठी होती ती, हेलसुद्धा माणदेशी. ही यांना कोणी शिकवली असेल, असा विचार माझ्या मनात दिवसभर घोळत होता.

फाट्यावरून आत वळल्यावर मेजर मंदण्णा बोलायला लागले. ते दोघे इंग्रजीत बोलत. ड्रायव्हरला इंग्रजी येत नाही असं सगळे अधिकारी धरून चालतात आणि आम्हीही त्यांचा तो समज मोडत नाही. प्रकरण मला तिथे कळलं.

स्मारकाच्या दगडावर गावच्या हुतात्म्यांची नावं कोरून झाली होती, फक्त एक राहिलं होतं. लान्स नायक आनंदा बाबर. कैक वर्षांपूर्वीच्या लढाईत तो बेपत्ता झाला होता. त्याचं प्रेत मिळालं नाही आणि कैद्यांतही त्याचं नाव आलं नाही. सात वर्षांनी सरकारनं कायद्याप्रमाणे त्याला मेलेला धरला. त्याची बायको गजराबाई म्हणाली, सरकारनं खुशाल धरावं, मी धरत नाही. ती आजही कुंकू लावत होती. पाथरवट तिच्या नवऱ्याचं नाव कोरायला लागला तशी ती जाऊन दगडापुढे बसली आणि तिनं छिन्नी काढून घेतली. गावचे सरपंच हे तिचे दीरच. त्यांनी समजावलं, भांडले, पण ती हटली नाही. तिचं एकच म्हणणं होतं. फौजेतला सगळ्यात वरचा माणूस माझ्या तोंडावर सांगू दे की आनंदा बाबर मेला. मग कोरा.

"सर, एका वाक्याचं काम आहे," मेजर म्हणाले. "तो मेला एवढं तुम्ही म्हणा. ती बाई सुटेल, गाव सुटेल. आणि तसा तो गेलेलाच असणार."

मलाही ते पटलं होतं. आरशात मी साहेबांकडे पाहिलं. ते बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, खुरटी बाभळ आणि मेंढरं.

"मंदण्णा," बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मी म्हटलं की ते खरं होईल. ते तपासणारा माझ्या वर कोणी नाही. त्याचीच मला भीती वाटते."

मेजर बाहेर बघायला लागले. मीही नजर रस्त्यावर आणली.

गावात शिरताना चौकात स्मारक दिसलं. काळा दगड, त्याच्यावर नवी कोरी चादर बांधलेली. बाजूला पाथरवट बिडी ओढत बसला होता. गाडीचे तारे झाकलेले, त्यामुळे कोणी उठलं नाही. एक धोतर-फेट्यातले गृहस्थ मात्र धावत आले. ते सरपंच, सर्जेराव बाबर. त्यांना फोनवरून कळवलेलं होतं. साहेबांना पाहून ते एवढे गडबडले की नमस्कार करावा की सलाम ठोकावा हेच त्यांना उमगेना, आणि शेवटी त्यांनी दोन्ही एकदम केलं.

घर मागच्या आळीला होतं, गाडी जाण्यासारखी वाट नव्हती. मी गाडीपाशी थांबणार तेवढ्यात साहेब म्हणाले, थोरवे, तूही चल, मेजरसाहेबांना मराठी समजत नाही, त्यांना सांगत जा. ते मला न्यायचं खरं कारण होतं का, ते मला अजून समजलेलं नाही. कारण पुढे जे झालं त्यातलं अक्षरही मला मेजरना सांगता आलं नाही.

वाटेत सर्जेराव वहिनींचं गाऱ्हाणं सांगत होते. त्यात राग होता, पण त्याखाली कुठेतरी कळवळाही होता. म्हणाले, हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही हे बायकांना कळत नाही. बोलवावं तर म्हाताऱ्या नाकं मुरडतात, न बोलवावं तर ती दारात येऊन विचारते, माझं काय चुकलं? तिच्या पोरीच्या लग्नात कन्यादान आम्ही नवराबायकोनं केलं. ही मांडवाच्या खांबाला टेकून लांबून बघत राहिली. साहेब ऐकत होते. चालता चालता त्यांनी एकदा खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

गजराबाई अंगणात सुपानं बाजरी पाखडत होती. उंच, हाडापेराची बाई. केस पिकलेले आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. आम्हाला बघून तिनं पदर सारखा केला, पण सूप खाली ठेवलं नाही.

"वैनी, ह्ये सायेब आल्यात दिल्लीसनं," सर्जेराव म्हणाले. "लष्कराचं परमुख."

तिनं साहेबांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. साध्या कपड्यांतला, पांढऱ्या केसांचा माणूस.

"ह्यांच्या वर कोन?" तिनं दिराला विचारलं.

सर्जेराव चाचरले. साहेबांनीच उत्तर दिलं.

"सरकार हाय, वैनी. पन फौजेतलं म्हनशीला, तर मीच शेवटचा."

तिनं मान हलवली आणि बाजेकडे बोट दाखवलं. साहेब बाजेवर बसले. आम्ही उभेच राहिलो. तिनं कोणाला पाणी विचारलं नाही. आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा आधी पाणी देतात. मला ते लागलं, पण साहेबांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

मग ती बोलायला लागली. आवाज चढवला नाही, सूप हलवत हलवतच बोलली. आधी ती तालुक्याला गेली होती. तिथले म्हणाले, जिल्ह्याला विचारा. जिल्ह्याच्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा पाजला आणि सांगितलं, बाई, आम्ही वर विचारतो. पलटणीच्या सेंटरला गेली, तिथे तर तिला मेसमध्ये जेवू घातलं आणि सोबतीला माणूस देऊन गाडीत बसवून दिलं. म्हणाले, वर विचारतो. वर विचारणारे साहेब बदलले, त्यांच्या जागी दुसरे आले, तेही सज्जन होते, तेही वर विचारत राहिले.

"कुनी वंगाळ वागलं न्हाई," ती म्हणाली. "पर ह्ये वर कुठवर हाय, त्ये मला कळंना. म्हनून म्हनलं, एकदा त्या टोकालाच इचारावं."

साहेबांनी मान खाली घातली. सर्जेरावांना ते सोसलं नाही. लष्करप्रमुख आपल्या अंगणात बसलेत आणि वहिनी त्यांना धारेवर धरतेय, याचा त्यांना घोर लागला असावा. ते समजुतीनं म्हणाले, "वैनी, सोडा आता. झालं गेलं गंगेला मिळालं."

आणि साहेब, खाली जमिनीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आपल्याकडं ते गंगेला न्हाय मिळत, सर्जेराव. मानगंगेला मिळतं. आन् मानगंगेला पानी कुठलं? हाय तितंच ऱ्हातं."

सूप थांबलं.

मी गजराबाईकडे पाहिलं. तिच्या हातातून बाजरी खाली सांडत होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"ह्ये कुनाचं बोलनं हाय?" तिनं विचारलं.

साहेबांनी वर पाहिलं.

"सायेब, ह्ये माझ्या मालकाचं बोलनं हाय. असं गावात दुसरं कुनी बोलत न्हाई. त्यांच्या तोंडचं ह्ये तुमच्या तोंडात कसं आलं?"

"मला मराठी आनंदानं शिकवली," साहेब म्हणाले. "मी कॅप्टन हुतो. त्यो माझा वायरलेसवाला. तीन सालं पाठीवर सेट घिऊन माझ्या मागं मागं हिंडला. मला भूक लागली की त्याला आदी कळायची."

माझ्या मनात दिवसभर घोळत असलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण मिळालं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. मेजर मंदण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना काही सांगितलं नाही.

गजराबाई खाली मातीतच बसली. साहेब बाजेवरून उठले आणि तिच्यासमोर, तसेच मातीत बसले. मग त्यांनी सांगितलं. ते कसं बोलले ते सगळं शब्दाला शब्द मला आठवत नाही, पण हकिकत विसरणं शक्य नाही.

एक टेकडी होती. साहेबांची कंपनी रात्री तिच्यावर चढली आणि टेकडी घेतलीही. पण पहाटेच्या सुमाराला शत्रूनं उलट हल्ला केला आणि मागे फिरायचा हुकूम आला. तोवर आनंदा बाबरच्या मांडीत गोळी बसून हाड मोडलं होतं. त्याला चालता येईना. त्याच्याशिवाय आणखी जखमी होते, आणि धडधाकट माणसं त्यांना उचलायलासुद्धा पुरत नव्हती. कोणाला न्यायचं आणि कोणाला ठेवायचं हे ठरवणं कॅप्टनचं काम होतं. जे वाचतील असं वाटत होतं त्यांना त्यांनी आधी उचलायला लावलं. आनंदाला एका खडकाच्या आडोशाला बसवलं, आपली पाण्याची बाटली दिली.

"मी म्हनलं, आनंदा, हितंच थांब. मी येतो. मी आल्याबिगर हलू नकोस."

"त्ये काय म्हनलं?"

"म्हनला, जी साहेब."

"आनखी?"

"आनखी काय न्हाय, वैनी."

"न्हाईच म्हननार," ती म्हणाली. "तसलंच हुतं त्ये."

पुढच्या दोन्ही रात्री साहेबांनी टेकडीकडे जायचा प्रयत्न केला. पोहोचता आलं नाही, त्या प्रयत्नात आणखी एक माणूस गेला. मग लढाई थांबली आणि टेकडी पलीकडच्या बाजूला राहिली. वरिष्ठांनी विचारलं, आनंदा बाबरचं काय कळवायचं? कॅप्टन जसरोटिया म्हणाले, बेपत्ता.

"मेलेला मी बगितला नव्हता, ह्ये खरं. पन त्याहून खरं म्हंजे त्यो मेला असं म्हनायला माजी जीभ उचलंना."

गजराबाईनं कपाळावरच्या कुंकवाकडे बोट नेलं.

"म्हंजे ह्ये तुमी ठिवलंसा?"

"व्हय."

"इतकी वर्सं?"

"व्हय, वैनी."

"मंग एवढ्या वर्सांत यिऊन सांगितलं का न्हाई? वाटंत नदी आडवी आली का डोंगूर?" आता मात्र तिचा आवाज चढला होता. "मी रोज सांच्याला दारात दिवा ठिवती. कुनी फाट्यावर उतरलं की माजा जीव हितं ऱ्हात न्हाई. मेलं म्हनला असता तर मी छाती बडवून घितली असती, रडली असती, आन् उटून कामाला लागली असती. तुमी मला रडूबी दिलं न्हाई."

सर्जेराव मध्ये पडायला गेले, साहेबांनी हातानं थांबवलं.

"हिंमत झाली न्हाय," ते म्हणाले. "मेजर झालो तवा म्हनलं, माझ्या वरचे सांगतील. कर्नल झालो, जनरल झालो, तरीबी वर कुनीतरी हुतंच. मीबी वरच बोट दाखवत ऱ्हायलो. ही खुर्ची मिळाली त्या दिवशी टेबलापाशी बसलो आन् ध्यानात आलं, आता वर बोट दाखवायला कुनी न्हाय. लोक पेढे घिऊन येत हुते आन् मला आनंदा दिसत हुता. तवाच ठरवलं हुतं. तरी यायला साल गेलं."

शेजारच्या घरांतल्या बायका कुडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. गजराबाईनं पदरानं तोंड पुसलं, नीट बसली आणि कोर्टात विचारावं तसं विचारलं.

"आता सांगा. मालक मेलं का जित्तं हायती?"

मी मनात म्हणत होतो, साहेब, म्हणा मेला. एकदाच म्हणा. मेजर मंदण्णांना मराठी येत नव्हती, पण हा प्रश्न त्यांनाही समजला होता. त्यांचे ओठसुद्धा हलले. ज्या माणसाच्या एका शब्दावर लाखो माणसं सरहद्दीकडे चालू लागतील, त्याला एक शब्द बोलणं जड ते काय? तो शब्द खोटा ठरवणारा जगात कोणी नव्हता. आणि तो ऐकायला ती बाई केव्हाची थांबली होती.

"मला ठाव न्हाय, वैनी," साहेब म्हणाले.

मला त्यांचा राग आला. आज सांगतो, अगदी मनापासून आला. एवढ्या लांब येऊन, एवढं सगळं सांगून, शेवटी हिच्या पदरात काय टाकलं? तालुक्याच्या कारकुनानं टाकलं तेच.

गजराबाई मात्र रागावली नाही. ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. आजवर भेटलेल्यांपैकी कोणीही ठाऊक नाही असं म्हटलं नव्हतं. ते सगळे वर विचारणार होते. मग ती उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. साहेबांनी ते घटाघट पिऊन टाकलं.

"सायेब, एक इचारती," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "मालक रजेवर आलं की लष्कराच्या रीती सांगायचं. म्हनायचं, पहाऱ्यावर ज्यानं उभं केलं त्यानंच उतरवायचं. दुसरा किती का मोठा आसंना, त्याच्या सांगन्यानं जागा सोडायची न्हाई. खरं का?"

"खरं हाय."

"मंग त्यास्नी कुनी उतरवलं?"

साहेबांच्या हातात तांब्या होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"तुमी म्हनलासा, हितंच थांब, मी आल्याबिगर हलू नकोस. त्ये जी साहेब म्हनलं. मी त्यांची बायकू हाय, मला ठाव हाय. मरूदे न्हाईतर जगूदे, त्ये जागंवरनं हललं नसनार. त्ये तितं उभं हायती म्हनून मी हितं उभी हाय. तुमी मेलं म्हनू नगा. तुमास्नी ठाव न्हाई तर नगा म्हनू. पर उभं तुमी केलंसा, तर उतरवाबी तुमीच."

साहेब उठले. त्यांचे गुडघे मातीनं भरले होते, ते त्यांनी झटकले नाहीत.

"कुठल्या अंगाला हाय ती टेकडी?" तिनं विचारलं.

साहेबांनी उन्हाकडे बघून अंदाज घेतला आणि मेंढरांच्या वाड्याकडे तोंड केलं. उत्तर तिकडेच होती.

"लांब हाय?"

"लई लांब."

"मंग मोट्यानं सांगा," गजराबाई म्हणाली.

साहेब सावधान झाले. ते झाले तसा मी झालो, मेजर मंदण्णा झाले. सर्जेरावांनी फेटा सावरला आणि तेही ताठ उभे राहिले. परेडच्या मैदानावर मी खूप आवाज ऐकले आहेत, पण त्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीतून त्या दिवशी जो आवाज निघाला तसा पुन्हा ऐकला नाही.

"लान्स नायक आनंदा बाबर! मी कॅप्टन जसरोटिया. मी आलोय रं. मला उशीर झाला. तुझा पहारा संपला. घरी जा."

आळीतली सगळी माणसं जागच्या जागी उभी राहिली. मेंढरांची कालवाकालव झाली आणि थांबली. गजराबाई उत्तरेकडेच बघत होती, आणि बघता बघता ती रडायला लागली. हमसून नाही. बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी यावं तसं, आधी थोडं, मग न थांबता. कुडाजवळच्या दोन बायका आत आल्या, तिच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. तिनं त्यांना रडू दिलं, स्वतःही रडून घेतलं, मग पदरानं डोळे कोरडे केले.

"भावजी," ती सर्जेरावांना म्हणाली, "पाथरवटाला सांगा, नाव कोर म्हनावं."

सर्जेरावांची नजर नकळत तिच्या कपाळाकडे गेली.

"कुंकवाचं माजं मी बगीन," ती म्हणाली. "तुमी नावाचं बगा."

सर्जेराव निघाले. मेजर मंदण्णा मला हळूच म्हणाले, साहेबांना सांग, चला म्हणून. पण मी कसं सांगणार? साहेब अजून सावधानमध्येच होते. हात बाजूला, मान ताठ, तोंड वाड्याकडे. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात हलत नव्हते. मेजर एकदा पुढे झाले आणि मागे सरले. साहेबांना विश्राम म्हणायचा अधिकार त्या अंगणात कोणाला नव्हता. खरं म्हणजे अख्ख्या देशाच्या फौजेत कोणाला नव्हता.

गजराबाईच्या ते ध्यानात आलं. ती बायकांच्या हातांतून सुटून त्यांच्यापाशी गेली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि आमच्याकडे थोरल्या भावजया धाकट्या दिराशी बोलतात तशा आवाजात म्हणाली,

"सायेब, तुमीबी लई दिस उभं हायसा. झालं आता. जावा घरी."

साहेबांचे हात सैल झाले. त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला, तिनं तो लावू दिला, आणि मग ते आमच्या पुढे होऊन वाटेला लागले.